बोटीवर शाईला मनाई

बावीस वर्षं शाळेतली मुलं मला आधी कानांनी ओळखायची, मग डोळ्यांनी. जिन्यात माझ्या चपलांचा आवाज आला की सातवी 'ब'मधला गोंगाट उकळत्या दुधावर पाणी मारावं तसा खाली बसायचा. यॉटवर पाऊल ठेवल्यावर पहिल्याच मिनिटाला त्या चपला माझ्या पायांतून काढून एका टोपलीत टाकल्या गेल्या. डेकच्या लाकडाला ओरखडे पडतात म्हणे. माझा निम्मा दरारा त्या टोपलीत गेला. उरलेला निम्मा पहिल्याच दिवशी बोट लागून बादलीत गेला.

मग हातात एक कडक प्लास्टिकचं कार्ड आलं. बोटीचे नियम, एकूण अकरा. त्यातले नऊ क्रीम रंगाच्या सोफ्याच्या बाजूनं होते, दहावा आगीबद्दल आणि अकरावा माणूस पाण्यात पडल्यास काय करावं याबद्दल. याच क्रमानं. दिवाणखाना क्रीम, पडदे क्रीम, जमिनीवरचा गालिचा क्रीम. म्हणून खडू नको, त्याची भुकटी शिवणीत बसते. रंग नकोत. आणि नियम चौथा, जाड अक्षरांत: बोटीवर पेन, शाई किंवा शाईसदृश काहीही आणू नये. माझ्या पर्समधली तीन पेनं चपलांच्या पाठोपाठ काढून घेतली आणि पुढच्याच बंदरावर कुणाला तरी देऊन टाकली. थोडक्यात, मुलांना शिकवा, पण शिक्षणाचा डाग कुठे पडता कामा नये.

हे घर पाण्यावर का राहत होतं, ते सांगते. मालकांनी आपला धंदा विकला आणि एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला की शाळा म्हणजे कोंडवाडा, जग हीच खरी शाळा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, पण मालकांच्या जिभेबरोबर अख्खं कुटुंब उचललं गेलं. एक वर्षासाठी निघाले होते, त्याला दीड वर्ष उलटलं तेव्हा मी आले. कारण धाकटा आठ वर्षांचा झाला होता, शिडांचे अकरा प्रकार घडाघडा सांगायचा आणि सात अठ्ठे किती म्हटलं की समुद्राकडे बघायचा. जग हीच शाळा खरी, पण तिथे पाढे पाठ करून घ्यायला कुणी बसलेलं नसतं.

बाईसाहेब, म्हणजे मुलांची आई, वाईट नव्हत्या. त्या फक्त फोनमधून बघायच्या. नकाशा उघडला की फोटो, माशाचं हाड सापडलं की फोटो, धाकट्यानं पृथ्वीचा गोल उलटा धरला होता तरी फोटो, आणि खाली ओळ: 'आजचा भूगोल थेट भूगोलाकडून!' शेकडो अनोळखी माणसं खाली टाळ्या वाजवायची. मी एकदा म्हटलं, "गोल उलटा आहे हो." त्या म्हणाल्या, "उजेड छान आलाय पण, बाई."

वर्ग नऊ ते बारा, जेवणाच्या टेबलावर. टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंच कड होती, वस्तू घरंगळू नयेत म्हणून. पेन्सिलीला टोक काढायचं तर एका मुलानं डबी धरायची, दुसऱ्यानं टोक काढायचं, आणि मी सोफ्याकडे पाठ करून दोघांच्या मध्ये उभं राहायचं, उडालंच तर माझ्या अंगावर उडावं म्हणून.

आता थोरलीबद्दल. बारा वर्षांची, बोलायला कमी, अक्षर मोत्यासारखं. ती काही मागायची नाही, म्हणून सगळ्यांना वाटायचं तिला सगळं मिळालंय. मला येऊन नऊ महिने झाले तेव्हा मी सरासरी शिकवली आणि म्हटलं, स्वतःच्या आजूबाजूची काही आकडेवारी गोळा कर आणि सरासरी काढ. मला वाटलं मासे मोजेल, वाऱ्याचा वेग लिहील. दुसऱ्या दिवशी तिनं वही पुढे केली. सतरा मुलींची नावं होती. प्रत्येकीपुढे एक आकडा: चार, नऊ, दोन, अकरा. वेगवेगळ्या बंदरांत भेटलेल्या मैत्रिणी, आणि बोट सुटेपर्यंत मिळालेले दिवस. एकूण एकशे दोन दिवस. खाली दोन रेघा मारून उत्तर: सरासरी मैत्री सहा दिवस.

गणित बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली आणि पुढचं उदाहरण सांगायच्या ऐवजी तेच पान पुन्हा वाचलं. शेवटी धाकट्यावर ओरडले, कारण तो जवळ होता.

पुढच्याच बंदरात शेजारच्या बोटीवरचं एक जोडपं जेवायला आलं. पाहुणे आले की मुलांचं प्रदर्शन ठरलेलं. धाकट्यानं शिडांचे अकरा प्रकार म्हणून दाखवले. मग मालक थोरलीकडे वळले. "आणि आमच्या ताईसाहेब! सांगा, जगानं तुम्हाला काय शिकवलं?"

थोरली म्हणाली, "बाबा, मला शाळेत जायचंय."

तिनं सगळं शोधून ठेवलं होतं. मुलींची निवासी शाळा, जमिनीवरची, प्रवेशपरीक्षा दहा आठवड्यांनी, परगावच्या मुलांना असतील तिथून परीक्षा देता येते, पेपर पाकिटात येतो, पर्यवेक्षक म्हणून कुणीही नोंदणीकृत शिक्षक चालतो. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. वर्षभराचं बोलणं त्यात संपलं असावं.

मालक हसले. पाहुण्यांसमोर माणसाचं मन फार मोठं होतं. "जा की! मी कुठे अडवलंय? परीक्षा पास हो आणि जा. चार माणसांसमोर शब्द देतो!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईसाहेबांनी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला डेकवर गाठलं. "मॅडम, त्या परीक्षेच्या मानानं हिची तयारी कितपत आहे?"

"नाहीच म्हणा," मी म्हटलं.

"छान," ते म्हणाले, आणि मग सावरून, "म्हणजे काळजी नको. तुम्ही आपलं जमेल तेवढं शिकवा. पोरीला उगाच ताण देऊ नका. नाही झाली पास तर आपण तिला एक छोटी होडी घेऊन देऊ."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. पोरगी शाळेत गेली तर माझंही बस्तान उठणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. धाकट्याला एक ॲप पुरेसं आहे, असं मालक कॉफी पिता पिता दोनदा बोलून गेले होते. शहाण्या बाईनं जमेल तेवढंच शिकवलं असतं आणि पाण्यावर सुखानं डुलत राहिली असती. पण शहाणपण असतं तर मी शाळा तरी का सोडली असती? तिथे विश्वस्तांचा नातू परीक्षेत मोज्यातून चिठ्ठ्या काढताना मला सापडला. मुख्याध्यापक म्हणाले, 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असं लिहा आणि सही करा. मी आढळलं ते लिहिलं, मोज्याच्या रंगासकट. मग मला ग्रंथालयात बसवलं, ज्याची किल्ली हरवलेली होती. महिनाभर बंद दारासमोर खुर्ची टाकून बसले आणि राजीनामा दिला. मुलाखतीत ही हकिकत ऐकून मालक भारावले होते. "मला असंच प्रामाणिक माणूस हवंय!" प्रामाणिक माणूस सगळ्यांना हवंच असतं, दुसऱ्याच्या घरी.

दहा आठवडे आम्ही दोघी हात धुऊन त्या अभ्यासाच्या मागे लागलो. सकाळचा वर्ग संपला की कपडे धुण्याच्या खोलीत, मशीनवर वही ठेवून. गुणोत्तर, व्याकरण, निबंध, भूमिती. मशीन फिरायला लागलं की अक्षर थरथरायचं. थोरली म्हणायची, चांगलंय, सवय होईल. मी तिच्यावर रागावले, पेन्सिली मोडल्या, दोनदा ती रडली, एकदा मी. नवव्या आठवड्यात तिला जुन्या पेपरात शंभरपैकी एक्क्याऐंशी मिळाले. मी तोंडावर म्हटलं, "अजून एकोणीस कुठे गेले?" आणि खोलीत जाऊन एकटीच हसले.

परीक्षेचा दिवस उजाडला. पेपर दहा ते एक. सीलबंद पाकीट नऊ दिवसांपूर्वी बंदराच्या कचेरीतून आलं होतं आणि माझ्या उशाखाली होतं. बोट धक्क्याला बांधलेली, पाणी शांत. सकाळी आठला मालक पांढरी टोपी घालून आले, मागे तेच जोडपं, त्यांची बोट पुन्हा आमच्या शेजारी येऊन लागली होती. "जरा एक चक्कर मारून येऊ. समुद्र बघा, ताटासारखा सपाट!"

मी म्हटलं, "आज तिची परीक्षा आहे."

"मग? समुद्रावर राहणारी मुलगी समुद्रावर परीक्षा देईल. तेच तर शिक्षण!"

कप्तान मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "बारापर्यंत वारा उठेल." मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बोट निघाली.

दहाला वीस मिनिटं कमी असताना मी सूचनांचा कागद शेवटचा म्हणून वाचायला घेतला. तिसरी ओळ: 'उत्तरे निळ्या अथवा काळ्या शाईनेच लिहावीत. पेन्सिलीने लिहिलेली उत्तरपत्रिका तपासली जाणार नाही.'

तो कागद मी आधी तीनदा वाचला होता. ही ओळही वाचली होती आणि पुढे गेले होते. परीक्षेला पेन लागतं, यात वाचायचं काय? बावीस वर्षं मी दर परीक्षेला खिशात दोन जादा पेनं ठेवत आले. आणि वर्षभरात त्या चौथ्या नियमानं मला असं वळण लावलं होतं, की बोटीवर पेन नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मास्तरीणबाईंची चूक, शंभर टक्के.

मग बोटभर शोध सुरू झाला. या बोटीवर समुद्राचं खारं पाणी गोडं करणारं यंत्र होतं, बर्फाचे चौकोनी आणि गोल असे दोन प्रकारचे खडे पाडणारं यंत्र होतं, पण पेन नव्हतं. मालक सह्या काचेवर बोटानं करायचे. पाहुण्यांनी खिसे चाचपले आणि चार फोन काढून दाखवले. बाईसाहेबांनी डोळ्यांत घालायची काळी पेन्सिल देऊ केली, मनापासून. आचाऱ्याकडे खोक्यांवर खुणा करायचा मार्कर होता, बोटाएवढा जाड, त्यानं एका पानावर एकच उत्तर मावलं असतं.

थोरलीनं टेबलावर पट्टी, कंपास आणि रबर ओळीनं मांडून ठेवलं होतं.

पेन निघालं ते कप्तानाकडे. त्याच्या नोंदवहीला दोऱ्यानं बांधलेलं, निळं, टोपणावर दातांच्या खुणा असलेलं. बोट कुठे आहे, वारा किती आहे, हे दर तासाला शाईनं लिहायचा त्याचा शिरस्ता होता, आणि त्याच्या केबिनमध्ये सोफा नसल्यामुळे नियम चौथा तिथवर पोचला नव्हता. त्यानं दहाची नोंद पाच मिनिटं आधीच उरकली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाला, "अकराला आणि बाराला एकेक मिनिट लागेल मला. ते चुकवता येणार नाही."

"या," मी म्हटलं. "पण पाय न वाजवता." दोघंही अनवाणीच होतो, तरी म्हटलं.

शाई दिवाणखान्यात येणार म्हटल्यावर बाईसाहेबांनी घरातल्या सगळ्या चादरी काढल्या. सोफे झाकले, गालिचा झाकला, खुर्च्या झाकल्या. रंगकाम काढलेल्या घरात बसावं तशी थोरली मध्यभागी बसली. दहाच्या ठोक्याला मी पाकीट फोडलं आणि ती लिहायला लागली.

अकराला कप्तान आला, पेन घेतलं, नोंद केली, परत दिलं. तेवढा वेळ तिचा हात तसाच हवेत होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. "आणि ही आमची तरंगती शाळा!" मालक पाहुण्यांना घेऊन आत. मागून बाईसाहेब, हातात फोन. फ्लॅश पडला. पाहुणीबाई म्हणाल्या, "अगं बाई, किती गोड लिहितेय!" मी हातानं खुणा केल्या, ओठांवर बोट ठेवलं, दाराकडे बोट दाखवलं. मालकांना वाटलं असावं मी त्यांना आत बोलावतेय. पाहुण्यांना त्यांनी भिंतीवरचा नकाशा समजावला, टेबलाची उंच कड दाखवली, दिव्यांची बटणं दाबून दाखवली, आणि मग थोरलीच्या खांद्यावरून वाकून सातवा प्रश्न मोठ्यानं वाचला.

"अरे, हे तर सोपंय! तिघांची बेरीज कर आणि तीननं भाग!"

तो भागीदारीचा प्रश्न होता. त्यात बेरीज करून तीननं भागणारा माणूस धंदा विकून समुद्रावर फिरतो, हे जगातलं एक आश्चर्यच म्हणायचं.

मी उभी राहिले. "बाहेर."

"मॅडम, ही माझी बोट आहे."

"असेल. हा परीक्षेचा हॉल आहे. बाहेर व्हा!"

तो आवाज माझ्या पायांतल्या चपलांसकट आला असावा, कारण मालक खरोखर गेले. मान खाली घालून, टोपी काढून. कुठल्याशा वर्गातून असे ते कधीतरी गेलेले असणार. शरीर विसरत नाही. त्यांच्या मागे पाहुणे, आणि शेवटी बाईसाहेब. मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं गेली होती. थोरलीनं एकदाही मान वर केली नव्हती.

पावणेबाराला वारा उठला. टेबल एका अंगावर कलायला लागलं. तिनं डाव्या कोपरानं कागद दाबून धरला, पाय टेबलाच्या खांबाला अडकवले आणि धुण्याच्या मशीनवर लिहायची तशी लिहीत राहिली. बाराला कप्तान आला आणि गेला. एकाला मी म्हटलं, "पेन खाली." तिची तीन बोटं निळी झाली होती. चादरीवर एक थेंब पडला नव्हता.

उत्तरपत्रिकेच्या शेवटी पर्यवेक्षकाचं निवेदन असतं. दोनच प्रश्न. 'परीक्षा व्यत्ययाविना पार पडली काय? उमेदवारास कोणाकडूनही उत्तर सांगण्यात आले काय?'

मी पेन हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात मालक आले. हातात माझ्यासाठी कॉफी. वर्षभरात पहिल्यांदा. समोर बसले आणि अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही खोटं लिहिणार नाही. व्यत्यय तर आलाच. आणि उत्तर म्हणाल तर, मीच सांगितलं की एक. माझी चूक झाली. पण नियम म्हणजे नियम, नाही का?"

इतके दिवस मी या माणसाला मूर्ख समजत होते. वर्षभरातला माझा सगळ्यात चुकलेला अंदाज तो. कॉफीत साखर अगदी मला लागते तेवढीच होती.

ते गेल्यावर थोरली जवळ आली. "बाई, व्यत्यय नव्हता असं लिहा ना. मदत नव्हती असं लिहा. दोन ओळीच आहेत." "मी त्यांचं ऐकलंच नाही. खरंच नाही ऐकलं."

खरं सांगते, मी पेन टेकवलं होतं. कुणाचं काय बिघडलं असतं? मोज्यातून चिठ्ठ्या काढणाऱ्यासाठी जे लिहिलं नाही, ते हिच्यासाठी लिहावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची मला आजही लाज नाही. पण मग दिसलं, की उद्या मालक शाळेला एक फोन करतील, आणि खोट्या निवेदनाखाली या पोरीचा खरा पेपर कायमचा मरेल. आणि ते नसतं दिसलं, तरी माझ्या हातून ते लिहून झालं असतं असं वाटत नाही. हात त्याच वळणाचा झालाय.

"तुझा पेपर खरा आहे," मी म्हटलं. "त्याला खोटं शेपूट मी लावणार नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बाप बरा. मग ती पळत खाली गेली.

मी लिहिलं. जागा दोन ओळींची होती, मी दीड पान लिहिलं. 'जहाजावर एकच पेन असल्याने ते दोन वेळा जहाजाच्या नोंदीसाठी द्यावे लागले. दुसरे पेन न बाळगणे ही पर्यवेक्षिकेची चूक. उमेदवाराचे वडील पाहुण्यांसह अकरा मिनिटे परीक्षाकक्षात होते. त्यांनी प्रश्न सातचे उत्तर मोठ्याने सांगितले. ते चूक होते. उमेदवाराने ते लिहिले नाही. उमेदवाराच्या आईने फ्लॅशसह नऊ छायाचित्रे काढली. पर्यवेक्षिका दोन वेळा ओरडली. पावणेबारानंतर टेबल तिरपे होते. या सर्व काळात उमेदवाराने मान वर केली नाही. वाढीव वेळ दिलेला नाही.' खाली सही, तारीख, वेळ.

कागद पाठवायचं यंत्र बाईसाहेबांच्या खोलीत होतं. त्यांनी एकेक पान त्यात घातलं. दीड पानाशी थांबल्या, वाचलं. "नऊ?" त्या म्हणाल्या.

"नऊच. मी मोजूनच लिहिते."

त्यांनी ते पानही यंत्रात घातलं. त्या दिवशीचा एकही फोटो त्यांनी कुठे टाकला नाही.

थोरली आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. वर्गाला यायची, दिलेलं सोडवायची, वही सरकवायची. मालक मात्र माझ्याशी फार गोड वागत होते. जेवताना मला दोनदा आग्रह झाला. दगडाखाली हात सापडला की माणूस सगळं गप गिळतो, तसं मी जेवत होते.

नवव्या दिवशी शाळेचं उत्तर आलं. बाईसाहेबांनी नाश्त्याच्या टेबलावर वाचून दाखवलं. 'सदर परीक्षा ग्राह्य धरता येत नाही.' मालकांनी सुस्कारा सोडला, तो दुःखाचा असल्यासारखा. 'तथापि पर्यवेक्षिकेचे निवेदन विचारात घेऊन उमेदवाराची फेरपरीक्षा शाळेच्या इमारतीत घेण्यात येईल. उमेदवाराने येत्या महिन्याच्या चार तारखेला समक्ष हजर राहावे. पालकांना परीक्षाकक्षात प्रवेश नाही. पेन शाळेकडून दिले जाईल.'

"अरेरे," मालक म्हणाले. "चार तारखेला तर आपण भर समुद्रात असू."

"तू असशील," बाईसाहेब म्हणाल्या. "मी तिला घेऊन विमानानं जाते."

"अगं, पण..."

"चार माणसांसमोर शब्द दिलायस तू. माझ्याकडे फोटो आहे."

धाकटा आनंदानं टाळ्या वाजवायला लागला. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं, पण टाळ्यांची वेळ त्याला बरोबर कळायची.

जायच्या दिवशी थोरलीला बूट होईनात. अडीच वर्षं अनवाणी, पाय तीन मापं वाढलेले, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाईसाहेबांनी विमानतळावर नवे घेतले. मलाही त्या बरोबर घेऊन गेल्या. "तिथे काय करतात ते मला माहीत नाही," एवढंच म्हणाल्या. टोपलीतून माझ्या चपला निघाल्या, मिठानं कडक झालेल्या.

शाळेच्या फाटकावर फोन जमा करून घेतले. थोरली लांब बोळातून हॉलकडे चालत गेली, नव्या बुटांचा टकटक आवाज करत, आणि तो आवाज तिला नवा असल्यासारखी मध्येच थांबून पुन्हा चालली. दार बंद झालं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. बाईसाहेबांना हातांचं काय करावं ते कळेना. अर्ध्या तासानं त्यांनी वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, "बाई, तुम्ही तिला शिकवता काय काय?"

मी त्यांना सरासरी सांगितली. सतरा मुली, एकशे दोन दिवस.

बाईसाहेबांनी पर्स उघडली, फोन नाही म्हणून बंद केली. मग म्हणाल्या, "सतराही जणींचे फोटो आहेत माझ्याकडे. सगळ्यांना छान आले होते." आणि जरा वेळानं, "नाव एकीचंही माहीत नाही मला." आणि तोंडावर हात घेऊन रडल्या. मी पर्समधून रुमाल दिला. शाळेतल्या मुलांना द्यायची तसाच, घडी न मोडलेला.

एक वाजता थोरली बाहेर आली. आधी माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, सगळं सोडवलं." मग वळून आईच्या गळ्यात पडली. बाईसाहेबांच्या क्रीम रंगाच्या रेशमी कुडत्यावर, बरोबर खांद्यावर, निळी तीन बोटं उमटली. थोरली दचकून मागे झाली. बाईसाहेबांनी खांद्याकडे पाहिलं आणि तिला पुन्हा जवळ ओढलं.

ती पास झाली, यादीत बाविसावी. मालकांनी लगेच जाहीर केलं की त्या दिवशी आपण मुद्दामच आत गेलो होतो, पोरीची एकाग्रता वाढावी म्हणून. आणि हल्ली ते पाहुण्यांना समुद्रावरच्या शिक्षणाचा हाच पुरावा देतात. मला सन्मानानं निरोप मिळाला. धाकट्याला ॲप लावलंय. ते ॲप त्याला दर चुकीच्या उत्तराला 'शाब्बास, पुन्हा प्रयत्न कर' म्हणतं, त्यामुळे दिवसभर त्याचं कौतुक चाललेलं असतं. मी आता एका शिकवणीवर्गात आहे. तिथे जिना आहे, आणि मी चपला घालते.

मागच्या आठवड्यात थोरलीचं पत्र आलं. पाच महिन्यांनी. शाईनं लिहिलेलं, दोन ठिकाणी डाग पाडून. शाळा, जेवण, एक खाष्ट वॉर्डन, सगळ्याच्या तक्रारी. पत्रामागे गणिताच्या वहीचं एक पान टाचणीनं जोडलं होतं. जुनी सतरा नावं पुन्हा एकाखाली एक काढलेली, पुढे दिवस. अठरावं नाव नवीन होतं. त्याच्यापुढची जागा मोकळी. खाली लिहिलं होतं: 'बाई, हिचे दिवस मोजायचे राहून गेले. सरासरी काढता येत नाही.'

नियमानं उदाहरण अपूर्ण. मी पेन घेतलं आणि पूर्ण मार्क दिले.